ओठावर ताप फुटतो त्यावरची ॲसायक्लोव्हिर क्रीम: साडेतीन स्टार, अर्धा माझ्या आळसामुळे कापला

वर्षातून दोन-तीनदा माझ्या वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात ताप फुटतो, दरवेळी तिथेच. आजी म्हणायची उष्णता झालीय, सब्जा पी. सब्जा भरपूर पिऊन झाला, पण हे प्रकरण उष्णतेचं नाहीच, हर्पिस सिम्प्लेक्स टाइप १ नावाचा व्हायरस आहे, बऱ्याच जणांना लहानपणीच पाप्या-बिप्यांतून लागतो आणि मग चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जन्मभर गप पडून राहतो. ताप, जागरण, पाळी, कडक ऊन, काहीतरी निमित्त झालं की त्याच नसेवरून खाली उतरतो म्हणून जागा पण तीच.

पहिल्यांदा मेडिकलवाल्याला "तोंड आलंय" म्हणाले, त्याने तोंडातल्या छाल्यांची जेल दिली. चूक माझीच, तोंड येणं वेगळं, ते आतून होतं आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे लागतं.

मग डॉक्टरांनी ही क्रीम लिहून दिली. छोटीशी ५ ग्रॅमची ट्यूब, पांढरी, जरा चिकट, लावल्यावर थोडं झोंबतं. घेताना ५ टक्के बघून घ्या कारण ३ टक्केवाली डोळ्यांची असते. दिवसातून पाच वेळा लावायची, दर चार तासांनी, आणि इथेच माझी बोंब, अकराच्या चहाबरोबर निम्मी कपालाच जाते. इयरबडने लावते, बोटाने लावलंच तर लगेच हात धुते, तोच हात डोळ्याला लागला तर भलतंच होऊन बसेल.

उपयोग होतो का? मे महिन्यात राजगडावरून भाजून आले, दुसऱ्या रात्री जेवताना ओठ चुणचुणायला लागला, ताटावरून उठून क्रीम लावली, नुसती सूज आली आणि पाच दिवसांत साफ. त्याआधी दोनदा फोड आल्यावर लावली होती तेव्हा खपली पडेपर्यंत नऊ दिवस, म्हणजे काही न लावता जातात तेवढेच. तशीही या क्रीमने फार तर अर्धा-एक दिवस वाचतो, त्यामुळे मे महिन्यात थोडं नशीबही असणार. फोड फुटल्यावर साधी पेट्रोलियम जेली लावली तरी चालतं, खपली तडकत नाही. आणि घरात पडलेली खाजेची ट्यूब चुकूनही नको, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, अजून पसरतं. वारंवार होत असेल तर गोळ्या असतात, व्हॅलासायक्लोव्हिरचा एकाच दिवसाचा कोर्स, बारा तासांनी दोन डोस, पण किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो म्हणून विचारूनच घ्या. मी आता उन्हाळ्यात एसपीएफवाला लिप बाम लावते, त्याचा खरं तर जास्त फायदा वाटतोय.

अर्धा स्टार गेला तो भाचीच्या बारशाला. गुरुवारी चुणचुण, ट्यूब ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, रविवारी ओठावर टपोरा फोड. आत्या मी, कानात कुर्र करायचा मान माझा, पण तान्ह्या बाळाला हा व्हायरस जिवावर बेतू शकतो, त्यामुळे मी मास्क लावून पाळण्यापासून लांब. नाव चुलत बहिणीने सांगितलं, धपाटे मात्र सगळ्यांनी मलाच घातले, आणि नंतर घुगऱ्यांचं मीठ ओठाला जे काही झोंबलंय...