पहिला लघुपट, चार सिद्धान्त: कुणाचं केव्हा ऐकायचं?

निबंध पंधरा दिवसांत द्यायचाय, फोनमध्ये स्वतःच्या लघुपटासाठी शूट केलेलं पडून आहे आणि टेबलावर आयझेनस्टाइन, बाझाँ, मल्व्ही, रेमंड विल्यम्स अशी सिनेमा-टीव्हीचे सिद्धान्त मांडणारी चार माणसं येऊन बसली आहेत. फिल्म स्टडीज घेतलेल्या किंवा पुण्यातला उन्हाळ्यातला रसास्वाद वर्ग करून आलेल्या बऱ्याच जणांची ही अवस्था होते. मग जो आधी वाचला तोच सिद्धान्त निबंधालाही लागतो आणि फिल्मलाही. मी तेच केलं होतं, म्हणून ही तुलना.

माझं प्रकरण लहानसं. बाबांचं शिंपीकामाचं दुकान बंद करायचं ठरलं तेव्हा शेवटचा आठवडा मी फोनवर शूट केला. पावणेदोन तासांचं फूटेज, त्यातून नऊ मिनिटं. ती नऊ मिनिटं मी तीनदा वेगवेगळी कापली. पुस्तकांत हे सिद्धान्त अर्थावरून भांडतात. एडिटला बसल्यावर मला दिसला तो फरक वेळेचा होता. यातला एक जण शूटिंगच्या आधी ऐकायचा असतो, एक ट्रायपॉड उघडताना, एक शूटिंग संपल्यावर, आणि एक तर फिल्म कुठे लागणार हे ठरवताना. वेळ चुकली की चौघंही गप्प बसतात.

आयझेनस्टाइन: शूटिंगची चूक पोटात घालणारा

जुळणीचा, म्हणजे मोन्ताजचा (शॉट जोडण्यातून अर्थ घडतो असं सांगणारा) सिद्धान्त सगळ्यांत आधी हाती लागतो, कारण तो पडताळून बघता येतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतात: इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, एकदा सुपाच्या ताटलीला जोडलेला, एकदा शवपेटीला. प्रेक्षक म्हणाले, काय भूक दाखवली, काय दुःख दाखवलं! तिसरा तुकडा खेळणाऱ्या मुलीचा होता की कोचावरच्या बाईचा, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही आणि मूळ फिल्म आज बघायला मिळत नाही. एवढा मोठा सिद्धान्त ऐकीव गोष्टीवर उभा आहे, याची मला गंमत वाटते.

त्याच्याच देशातला दिग्दर्शक आयझेनस्टाइन पुढे गेला. कुलेशोव्हच्या लेखी शॉट म्हणजे विटा, एकापुढे एक रचायच्या. आयझेनस्टाइनला दोन शॉट एकमेकांवर आदळायला हवे होते, म्हणजे त्यातून तिसरंच काही निघेल. १९२५ च्या ‘स्ट्राइक’मध्ये संपकऱ्यांवर चाललेल्या हत्याकांडात त्याने कत्तलखान्यातला बैल घुसवला तो याचसाठी.

निबंधाला हे सोयीचं आहे. एक दृश्य घ्या, शॉट मोजा, प्रत्येकाची सेकंदं लिहा, लय कुठे वाढते ते कागदावर उतरतं. स्वतःच्या फिल्मसाठी तर हा सिद्धान्त देवमाणूस. माझं निम्मं फूटेज हललेलं होतं, पण दोन-दोन सेकंदांचे तुकडे कुठल्याही फूटेजमधून निघतात. पहिल्या एडिटमध्ये मी बाबांच्या चेहऱ्यानंतर गिऱ्हाइकांनी न नेलेल्या, भिंतीला टांगलेल्या कपड्यांचा शॉट लावला. त्याबरोबर बाबा दुःखी दिसू लागले. प्रत्यक्षात त्या क्षणी ते सुईत दोरा ओवत होते आणि मला क्रिकेटचा स्कोअर विचारत होते.

परक्या माणसावरच्या फिल्ममध्ये ही उसनी भावना खपून गेली असती. स्वतःच्या बापाच्या चेहऱ्यावर ती चिकटवताना मला लाज वाटली. आयझेनस्टाइनने स्वतःही एक मर्यादा लिहून ठेवली आहे, ती मात्र वेगळी: कत्तलखान्याचा तो बैल शेतकऱ्याला हलवत नाही, कारण जनावर कापणं त्याच्या नेहमीच्या पाहण्यातलं. म्हणजे शॉट पडद्यावर आदळतात, पण तिसरा अर्थ बघणाऱ्याच्या आयुष्यातून येतो. बनवणाऱ्याने भरलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतो, घासाघीस करून घेतो किंवा उलटा वाचतो, असं संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये टीव्हीबद्दल मांडलं. मला त्याचं बी या बैलात दिसतं.

बाझाँ: आधी विचारलं नाही तर काहीच न देणारा

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ जेमतेम चाळीस वर्षं जगला, १९१८ ते १९५८. तो कटच्या विरोधात होता असं सर्रास सांगतात, ते अर्धवट आहे. घटनेचं सत्त्व जर दोन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी असण्यात असेल, तर तिथे कापू नका, एवढंच त्याचं म्हणणं. त्याने उदाहरण दिलं ते एका इंग्रजी चित्रपटाचं. लहान मुलगा सिंहाचा छावा उचलून आणतो आणि सिंहीण त्याच्या मागे निघते. मुलगा एका शॉटमध्ये, सिंहीण दुसऱ्यात, तोवर ती नुसती युक्ती. मग आईवडील, मुलगा आणि सिंहीण एकाच चौकटीत दिसतात आणि त्या एका शॉटमुळे आधीचं सगळं खरं वाटू लागतं.

माझ्या फिल्ममधली सिंहीण म्हणजे समोरचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. पुढे मशीनवर वाकलेले बाबा, मागे दारातून दिसणारी त्या दुकानाची पाटी: हे एका चौकटीत असतं तर वेगळं काही सांगावं लागलं नसतं. पण मी आठवडाभर चेहऱ्याजवळ, हातांजवळ जात राहिलो आणि दार बाहेरच राहिलं. दोन्ही एकत्र असलेला शॉट पावणेदोन तासांत एकच निघाला, चाळीस सेकंदांचा. तोही फोन टेबलावर टेकवून मी चहा आणायला गेलो होतो म्हणून.

एडिटच्या वेळी बाझाँकडे गेलात तर तो काही देऊ शकत नाही, तो असा. खरं तर फोनवर शूट करणाऱ्यावर त्याची मेहेरबानी असायला हवी. छोट्या सेन्सरमुळे पुढचं-मागचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) आई कागदांवर सही करत असताना मागच्या खिडकीतून बर्फात खेळणारा मुलगा दिसत राहतो. तसल्या खोल चौकटींसाठी छायालेखक ग्रेग टोलंडला दिवे, लेन्स, फिल्म सगळ्यांशी झगडावं लागलं. आपल्याला ते फुकट मिळतं, आणि आपण ‘सिनेमॅटिक’ मोड लावून मागचं धूसर करून टाकतो.

निबंधासाठी बाझाँ कठीण, कारण मोजायला काही नसतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’वर (२०१४) शॉटची सेकंदं लिहून बसलात तर ‘शॉट लांब आहेत’ यापलीकडे फारसं काही हाती येणार नाही. तिथे विचारायचं ते हे, की कॅमेरा इतका लांब आणि स्थिर का आहे. उत्तर शोधताना मागच्या बाकांवर बसलेली, आपल्या तारखेची वाट बघणारी माणसं दिसू लागतात. सुट्टी लागते, कोर्टाच्या खोलीतले दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा अंधारात थांबून राहतो. हे लिहायला धीर लागतो, आणि शब्दही जास्त लागतात.

दोघांना एकाच चित्रपटासमोर बसवलं तर? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुक्कर बांबूला टांगून नेलं जातं आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकरांसह समाजसुधारकांची चित्रं आहेत. बाझाँवाला म्हणेल, बघा, दोन्ही गोष्टी एकाच जागी आहेत, कापलं असतं तर ते दिग्दर्शकाचं भाष्य झालं असतं, आता ती गावातली वस्तुस्थिती आहे. आयझेनस्टाइनवाला म्हणेल, ही टक्करच की, फक्त दोन शॉटांऐवजी एका चौकटीत! आणि त्याचंही चूक नाही, कारण आयझेनस्टाइन चौकटीतल्या संघर्षालाही जुळणीतच धरायचा. निबंधाला खरं खाद्य अशा ठिकाणी आहे. एकाच सिद्धान्ताने सुरळीत उलगडणारं दृश्य निवडलंत तर दोन पानांत संपून जाल.

मल्व्ही: ट्रायपॉड उघडताना

ब्रिटिश सिनेअभ्यासक लॉरा मल्व्हीचा सिनेमातल्या नजरेवरचा निबंध १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकात आला. सिनेमात तीन नजरा असतात, कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे बघणारी. मुख्य धारेतला चित्रपट पहिल्या दोन लपवून सगळं तिसरीवर, त्यातही पुरुषाच्या नजरेवर ढकलतो, हा तिचा मुद्दा. विद्यार्थ्यांच्या हातात याचा साचा होतो. गाणं कुठलंही घ्या, शेवटी ‘नायिकेचं वस्तूकरण झालं आहे’ हे वाक्य येणारच. सगळ्या निबंधांचं उत्तर एकच निघत असेल तर आपण चित्रपट पाहिलेलाच नाही असं समजावं.

स्वतःच्या फिल्मवर मात्र तिने मला पकडलं. माझ्या फूटेजमध्ये आई अकरा वेळा आहे. चहाचा कप पुढे करणारे हात, पाठ, पदराचं टोक. चेहरा दोनदा, तोही ओझरता. बाबांच्या दुकानातली काज-बटणं आणि हातशिलाई तीस वर्षं घरी बसून तिने केली, आणि माझ्या ‘शिंप्याच्या दुकानावरच्या’ फिल्ममध्ये ती चहा आणते. मल्व्हीचा रोख टक लावून बघण्यावर आहे, माझ्याकडून तर बघितलंच गेलं नव्हतं. पण कोण बघतोय आणि कुठे उभा राहून, हा प्रश्न दोन्हीकडे तोच. हे एडिटमध्ये दुरुस्त होत नाही. मी परत शूट केलं, तोवर दुकान रिकामं झालं होतं.

मल्व्ही नुसती लिहून थांबली नाही. १९७७ मध्ये पीटर वॉलनबरोबर तिने ‘रिडल्स ऑफ द स्फिंक्स’ केला. त्यातला मधला मोठा भाग तेरा शॉटांचा आहे आणि प्रत्येक शॉटमध्ये कॅमेरा जागच्या जागी पूर्ण वर्तुळ फिरतो. तो कुणाच्या मागे जात नाही, कुणासाठी थांबत नाही. मी घरात खुर्चीवर फोन ठेवून हे करून पाहिलं. फोनने आईला जेवढा वेळ दिला तेवढाच फ्रीजला दिला. फिल्ममध्ये घेण्यासारखं काही मिळालं नाही, पण एरवी मी कॅमेरा फिरवताना कुणासाठी थांबतो ते चांगलं समजलं.

टीव्हीवाले: फिल्म कुठे बघणार?

ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक विल्यम्सने टीव्हीवरच्या १९७४ च्या पुस्तकात ‘प्रवाह’ मांडला. मायामीत एका रात्री टीव्ही बघताना चित्रपट, जाहिराती, दुसऱ्या चित्रपटांच्या झलका हे सगळं एकात एक मिसळत गेलं, तेव्हा त्याला वाटलं की टीव्हीचं एकक कार्यक्रम नव्हे, हा न तुटणारा ओघ आहे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण एकच वाहिनी आणि ठरावीक वेळ. विल्यम्स आपल्याला खऱ्या अर्थाने लागू पडला तो उपग्रह वाहिन्या आल्यावर.

मला त्याहून उपयोगी वाटतो टीव्हीचा दुसरा अभ्यासक जॉन एलिस. १९८२ मध्ये त्याने म्हटलं की सिनेमाला रोखून बघतात, टीव्हीकडे नुसता कटाक्ष टाकतात, म्हणून टीव्हीत लक्ष धरून ठेवायचं काम आवाज करतो. रोजच्या मराठी मालिकेत एका वाक्यावर तीन चेहरे, तीनदा धाडधाड संगीत, आणि जे दिसतंय तेच पात्र तोंडाने सांगतं. सिनेमावाले हसतात. पण ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या माणसाला कथा कळली पाहिजे, ही त्या मालिकेची अट आहे आणि ती अट ती चोख पाळते. मालिकेवर निबंध लिहायचा असेल तर बाझाँला घरी ठेवा. लोकलमध्ये आवाज बंद करून रील बघणारा मात्र एलिसला उलटा करतो. तिथे डोळे जागे आणि कान बंद.

मग निवडायचं काय? नुसता निबंध असेल आणि दिवस कमी असतील तर आयझेनस्टाइन. शॉट मोजा, जिथे मोजणी अपुरी पडते तिथे बाझाँला बोलवा. मल्व्ही घ्यायची तर तिच्या विधानाला अडवणारं दृश्य निवडा. पहिली फिल्म करायची असेल तर माझं मत सरळ बाझाँला. शूटच्या आदल्या दिवशी कागदावर लिहा, कोणत्या दोन गोष्टी एका चौकटीत हव्यात. जुळणी कुठे पळून जात नाही, फसलेल्या फूटेजला ती आहेच. ट्रायपॉड लावल्यावर एक मिनिट मल्व्हीसाठी थांबा, चौकटीबाहेर कोण राहिलं ते बघा. आणि सिद्धान्त अख्खा अंगावर घेऊ नका, त्याचा एकच नियम करा. दिग्दर्शक मणी कौल यांनी ‘उसकी रोटी’ हा चित्रपट २८ आणि १३५ मिलिमीटर अशा दोनच लेन्स वापरून केला. फोनवाल्याला ‘आठवडाभर झूम करायचं नाही’ एवढा नियमही पुरे आहे.

फिल्मच्या शेवटच्या रूपात तो चहाच्या वेळचा चाळीस सेकंदांचा शॉट अख्खा आहे, आणि रिकाम्या दुकानात बसून काज करणारी आई आहे. बाबांनी ती घरच्या टीव्हीवर लावून पाहिली. मधेच पाणी प्यायला उठले आणि आतूनच ओरडले, “मशीनचा पट्टा सैल झालाय बघ, आवाजावरनं कळतंय.”