१२०० वॅटचा डबा आणि ५ अँपिअरचा फ्यूज

गाडीला स्पीकर बसवायचा विचार असेल तर हे वाचा आणि मग दुकानात जा. माझे साडेसहा हजार गेलेत. माल भंगार निघाला हे तर आहेच, पण खरी गंमत दुकानात जी 'तुलना' करून दाखवतात तिच्यात आहे.

सोलापुरातलं दुचाकी अ‍ॅक्सेसरीजचं एक दुकान, नाव घेत नाही. भिंतीवर फळी, फळीवर हँडलला बसणाऱ्या स्पीकरच्या तीन जोड्या आणि खाली बटणं. "या मालक, बसा की. कान तुमचे, पैसे तुमचे," म्हणत दुकानदार एकेक बटण दाबत गेला. पहिली जोडी नाव असलेल्या कंपनीची, ४० वॅट. दुसरी मधली. तिसरीच्या खोक्यावर १२०० वॅट. गाणं एकच, हलगीचं. तिसरं बटण दाबलं की काउंटरची काच थरथरायची. वर त्याने मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडून धरलं. पहिलीला ९१ डेसिबल, तिसरीला १०३. "मशीन खोटं बोलतंय का मालक?" किमतीत फरक असा की ४० वॅटवाली महाग आणि १२०० वॅटवाली स्वस्त! हे विचारलं तर उत्तर तयार होतं, "त्यांचं नावाचं पैसं असतंय."

त्याच संध्याकाळी बसवून घेतली. आवाज मोठा होता, खोटं कशाला सांगू. सात रस्त्यावर सिग्नलला लोक वळून बघत होते. पण तुळजापूर रोडला लागलो, काटा ६०च्या पुढे गेला आणि हलगीतला ठोका गायब. राहिला तो नुसता पत्र्यासारखा किरकिराट. आवाज वाढवावा तर शब्द फाटायचे. काही दिवसांनी सकाळी सेल्फ उचलेना आणि रात्री ठोक्यागणिक हेडलाइट मंद व्हायला लागला.

जुन्या पुणे नाक्याकडे एक वायरमन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी हँडलखालची टेप सोडवली आणि आधी शिव्याच घातल्या. अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या डब्याची, वायर थेट हेडलाइटच्या वायरला पिळून जोडलेली. रिले, म्हणजे जास्त करंट वेगळ्या वाटेने सोडणारा स्विच, नाही, बॅटरीपासून वेगळी लाइन नाही. मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल वायरीवरचा फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. "वाचा काय लिवलंय." ५ अँपिअर.

इथे थोडं गणित येतं, पण ते चौथीतलं आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. १४ गुणिले ५ म्हणजे ७० वॅट. ठोक्याला क्षणभर जास्त ओढलं तरी सलग यापेक्षा जास्त वीज त्या डब्यात शिरूच शकत नाही, शिरली तर फ्यूज उडेल. आत ७० गेल्यावर बाहेर १२०० कुठून येणार? खरोखर १२०० वॅट हवे असतील तर ८५ अँपिअरच्या वर करंट लागेल. असला मोठा करंट गाडीत फक्त सेल्फ मारताना मोटर ओढते, तोही काही क्षण.

डबा उघडला. आत एकच मोठी चिप, टीडीए ७२९७. बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावर तिची ताकद आहे १५ अधिक १५ वॅट, आणि तीही १६.५ व्होल्टवर. आपल्या गाडीवर त्याहून कमीच. स्पीकरचं मॅग्नेट बाहेरून तळहाताएवढं दिसत होतं. मामांनी स्क्रू ड्रायव्हर घालून कड उचलली तर ते काळं प्लॅस्टिकचं टोपण निघालं, आत रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं मॅग्नेट. "ह्येला ३० वॅट म्हणायला बी लाज वाटतंय," मामा म्हणाले.

मग दुकानात काच कशी थरथरली? ते कोडंही मामांनीच सोडवलं, कारण "तसल्या फळ्या मी बनवून दिलोय की." प्रत्येक जोडीमागे अ‍ॅम्प्लिफायरला गेनचा, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा, स्क्रू असतो. जी विकायची तिचा पूर्ण उघडायचा, महागड्या जोडीचा निम्म्यावर ठेवायचा. विकायच्या जोडीला बेस वाढवून द्यायचा. फळीला वीज गाडीच्या बॅटरीची नसतेच, मागे मोठा अ‍ॅडॉप्टर असतो, त्यामुळे व्होल्टेज पडत नाही. शिवाय दुकान म्हणजे फरशी आणि काचेची अरुंद खोली, तिथे बेस भिंतींवर आपटून फुगतो. रस्त्यावर भिंतीच नाहीत. आणि कानाची एक खोड आहे. दोन आवाजांत एक किंचित मोठा असला की तो आपल्याला 'चांगला' वाटतो, दर्जा तोच असला तरी. सगळा धंदा या खोडीवर चालतो.

अ‍ॅपचं म्हणाल तर मोबाईलचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो. त्याने दाखवलेला १०३ हा १०३च असेल याची खात्री नाही. पण एकाच मोबाईलने, एकाच जागेवरून दोन आवाजांतला फरक बघायला तो चालतो. दुकानदाराने पहिल्या जोडीला मोबाईल हातभर लांब धरला होता, तिसरीच्या तोंडाशी नेला होता. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. १२ डेसिबलच्या फरकातला बराचसा त्या हातातच होता!

आमच्या कंपनीतल्या एकाकडे तीच ४० वॅटची जोडी आहे. रविवारी हैदराबाद रोडला, वस्ती संपल्यावर दोन्ही गाड्या शेजारी लावल्या. मोबाईल तोच, गाणं तेच, माझं डोकं सीटवर बसून जिथे येतं तिथे मोबाईल धरला. आधी दोन्हींचा आवाज अ‍ॅपवर सारख्या आकड्याला आणला आणि मग डोळे मिटून ऐकलं. त्याच्या जोडीत गायकाचा श्वास ऐकू येत होता, माझ्या जोडीत गायक बादलीत बसल्यासारखा. नंतर दोन्ही पूर्ण वाढवल्या. माझी जेमतेम एका डेसिबलने पुढे, आणि ती पूर्ण फाटून. खोक्यावरचे आकडे खरे असते तर १२०० आणि ४० यांत ३० पट, म्हणजे १५ डेसिबलच्या आसपास फरक यायला हवा होता. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. म्हणून वॅटच्या आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारायची. एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, ते. तिथे ३ डेसिबल कमी असले की तुमचे निम्मे वॅट पाण्यात.

परत गेलो तर दुकानदार शांत. "ते पीएमपीओ असतंय मालक, आरएमएस कोण लिवतंय?" पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या नावाखाली छापलेला आकडा, मोजायची कुठलीही एक ठरलेली पद्धत नाही, काहीही छापा. सलग मिळणारी ताकद आरएमएसमध्ये सांगतात. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, महिना-वर्ष नव्हतं, एमआरपीही नव्हती. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि बिल? कच्चं. चिठ्ठीवर 'स्पीकर सेट १' आणि रक्कम. जीएसटीचं बिल मागितलं तेव्हा १८ टक्के वेगळे सांगितले होते, तिथेच बहुतेक गिऱ्हाईक गप्प होतं.

तुम्ही जाणार असाल तर पक्कं बिल घ्याच, त्यावर मॉडेल आणि 'इतके वॅट आरएमएस' लिहून मागा. लिहायला नकार आला की तिथूनच उठा. ऐकायचं ते तुमच्या गाडीवर, दुकानाबाहेर, रस्त्यावर. खोकं फोडून फ्यूज बघा. आणि ज्या डब्याने काच थरथरते तो दवाखान्यासमोरून वाजवत नेऊ नका, शांतता क्षेत्रात दिवसा मर्यादा ५० डेसिबल आहे.

वायरिंग सरळ करायला मामांनी सातशे घेतले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, चिठ्ठीचा फोटो, उघडलेल्या डब्याचे फोटो आणि पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद जोडून. ऑनलाइन दिले म्हणून निदान तेवढा पुरावा तरी आहे. इथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देणार. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.