आघात नेमका कुठे? इटालियनच्या एका उच्चारकोशाविषयी

इटालियन जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते, असे नवशिक्यांना सांगितले जाते आणि बव्हंशी ते खरेही आहे. आघाताच्या, म्हणजे शब्दातील कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याच्या, बाबतीत मात्र लेखन फारसे साहाय्य करत नाही, कारण ‘काफ्फे’, ‘पेर्के’ यांसारखे अंत्याक्षरावर आघात असलेले शब्द सोडले, तर तो चिन्हाने सहसा दाखवला जात नाही. बहुतेक शब्दांत आघात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर पडतो, परंतु ‘आंकोरा’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ जहाजाचा नांगर असा होतो आणि दुसऱ्यावर दिला तर ‘अजून’ असा.

हा प्रश्न ‘दित्सिओनारियो द’ओर्तोग्राफिया ए दि प्रोनुंत्सिया’ हा कोश उत्तम रीतीने सोडवतो. राई या इटलीच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेसाठी ब्रूनो मिल्योरीनी, कार्लो ताल्याविनी आणि प्येरो फ्योरेल्ली यांनी सिद्ध केलेला हा कोश १९६९ साली प्रसिद्ध झाला आणि आज तो इंटरनेटवरही पाहता येतो. ‘रुब्रीका’ या शब्दाचा आघात अनेक इटालियन भाषक पहिल्या अक्षरावर देतात, तर ‘फ्रिऊली’ या प्रदेशनामाचा ‘फ्री’वर, अशा ठिकाणी कोश निःसंदिग्ध निर्णय देतो आणि दोन्ही शब्दांत आघात दुसऱ्या अक्षरावर ठेवतो. ‘पेस्का’तील ‘ए’ विवृत (तोंड अधिक उघडून उच्चारलेला) असेल तर पीच हे फळ आणि संवृत (तोंड कमी उघडून उच्चारलेला) असेल तर मासेमारी, हा भेद देवनागरीच्या एकाच मात्रेत मावत नाही; कोश मात्र तो दाखवतो. गायन शिकणाऱ्यांना तर या एका सोयीसाठीच कोश मोलाचा वाटेल.

अक्षरविभाजनाचे नियम मात्र आधी अन्यत्र शिकून यावे, असे मी आग्रहाने सांगेन. द्वित्त व्यंजन फुटते, म्हणून ‘नोत्-ते’. ‘स’ने सुरू होणारा व्यंजनसमूह फुटत नाही, म्हणून ‘पा-स्ता’. देवनागरीत आपण ‘नो-त्ते’ असे लिहितो, पण वृत्ताचे गण पाडताना जोडाक्षरामागचे लघू अक्षर गुरू मानण्याची सवय असलेल्या मराठी कानाला ‘नोत्’ असे बंद अक्षर ओळखणे मुळीच अवघड जात नाही.

कोशातील स्पष्टीकरणे इटालियनमध्येच आहेत, त्यामुळे अगदी प्राथमिक पातळीच्या विद्यार्थ्याने अर्थासाठी द्विभाषिक कोश सोबत ठेवावा आणि हा कोश केवळ उच्चाराच्या निर्णयासाठी उघडावा.