पोटऱ्यांचे मालिश: एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

सिंहगड चढून-उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या भरून आल्या की जिना कठडा धरून उलटा उतरावा लागला, म्हणून घराजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात पाऊण तासाचे मालिश घेतले. घोट्यापासून गुडघ्याकडे तेलाचे हलके, लांब हात फिरवल्याने बरे वाटले, पण ताठरपणा तसाच राहिला. खरा फरक पडला तो कणीक तिंबावी तसे स्नायू मळल्याने. गुडघा वाकवला की पोटरीचा वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, सैल पडतो आणि त्याखालचा सोलियस हा स्नायू हाताला लागतो, हे तिथल्या बाईंनी माझेच बोट ठेवून दाखवले. घोटा किती वाकतो हे पाहण्यासाठी टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवताना पाऊल आधी भिंतीपासून चार बोटांवर अडत होते, नंतर ते पाच बोटांवर गेले. ताकद मात्र वाढली नाही. एका पायावर टाच उचलणे आधी 18 वेळा जमले, नंतरही तितकेच. थरथरणाऱ्या यंत्राने आलेला आराम रात्रीपर्यंत ओसरला.

तक्रारी दोन. मालिशने लॅक्टिक आम्ल (श्रमाने स्नायूंत तयार होणारा पदार्थ) निघून जाते, हा केंद्राच्या भिंतीवर लिहिलेला दावा चुकीचा आहे. ते विश्रांतीत साधारण तासाभरात आपोआप कमी होते, आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे मुख्यतः उतारावर स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे असते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे: एकाच पायाला सूज आहे का, हे कोणी विचारलेच नाही, वास्तविक शिरेत रक्ताची गुठळी असल्यास मालिश धोक्याचे ठरते. बाईंचा हात उत्तम असल्याने मी पुन्हा जाईन, यंत्राचे जादा पैसे मात्र देणार नाही.