नव्या टीव्ही पॉइंटच्या नावाखाली झालेली फसवणूक: भिंत बुजवण्याआधी काय तपासायचं

प्रकरण ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधलं. हॉलमध्ये डीटीएच होतं, बेडरूममध्ये दुसरा पॉइंट हवा होता. बिलात लिहिलं होतं: आरजी-६ केबल (टीव्हीची गोल केबल) ३० मीटर, झिरी मारणे (भिंतीत खाच पाडणे) २२ फूट, स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणारी डबी), प्लेट, प्लास्टर, पुट्टी. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले रंग झाल्यावर. पहिल्या पावसातच बेडरूममधलं चित्र फुटायला लागलं आणि हॉलमधला टीव्ही लावला की इथले काही चॅनल गायब. शेवटी भिंत पुन्हा फोडावी लागली. केबल पाइपाशिवाय थेट प्लास्टरमध्ये पुरलेली, मधेच दोन तुकडे पिळून वर काळी टेप. हातभर अंतरावर बिल्डरने टाकलेला पाइप रिकामाच पडलेला.

सगळ्यात जास्त पैसे उकळले जातात ते 'पाइप जाम आहे' या एका वाक्यावर. ते ऐकलं की कारागिराला तुमच्यासमोर पाइपात वायर ओढायची स्प्रिंग ढकलायला सांगा, दोन्ही टोकांकडून. किती फुटांवर अडली ते मोजा. कधीकधी पाइपात सिमेंट उतरून तो खरंच बंद झालेला असतो, पण तेव्हा त्या जागची दीड-दोन फूट भिंत उघडली की भागतं. अख्ख्या भिंतीला झिरी मारायचं कारण नाही. ठाण्यातल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये भिंती मायवान पद्धतीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या अखंड काँक्रीटच्या असतात. त्यांवर कटर चालवूच देऊ नका; सळईवरचं काँक्रीटचं आवरण गेलं की गंज धरतो. तिथे केसिंग-कॅपिंग पट्टी (भिंतीवरून जाणारी, झाकणाची प्लास्टिक पट्टी) दिसायला बरी नसली तरी तीच योग्य. विटांची भिंत असली तरी सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

आता केबल. चांगल्या केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. काम सुरू होताना एका टोकाचा आणि संपताना दुसऱ्या टोकाचा आकडा टिपून घ्या, वजाबाकी म्हणजेच लागलेली केबल. वरच्या प्रकरणात ती १२ मीटर निघाली, पैसे ३० चे घेतले होते. 'प्युअर कॉपर' म्हणून विकलेल्या केबलची मधली तार चुंबकाला चिकटली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार आहे. चुंबकाला चिकटली नाही तरी ब्लेडने खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. पोलादी तार केबल टीव्हीला चालून जाते, पण डीटीएचमध्ये याच तारेतून डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज जाते, म्हणून लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. काहीही असो, तांब्याचा भाव लावून पोलाद देणं ही चोरीच आहे.

स्प्लिटरवरचा शिक्का वाचा. '५–१००० मेगाहर्ट्झ' लिहिलेला स्प्लिटर केबल टीव्हीचा. डिशकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो, तो या स्प्लिटरमधून धड जात नाही. शिवाय बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला कुठलं ध्रुवीकरण (लहरींची उभी की आडवी दिशा) हवं ते सांगतो. साध्या एलएनबीच्या एकाच केबलवर दोन बॉक्स लावले, एकाने १३ पाठवले आणि दुसऱ्याने १८, तर १८ वाला जिंकतो आणि दुसऱ्याचे चॅनल जातात. 'पावसाळा आहे, सिग्नल वीक आहे' हे उत्तर इथे लागू पडत नाही. मुसळधार पावसात सिग्नल जातो, पण पाऊस थांबला की परत येतो. दुसऱ्या बॉक्ससाठी दोन तोंडांच्या एलएनबीपासून किंवा सोसायटीच्या मल्टिस्विचपासून (एका डिशचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणाऱ्या पेटीपासून) स्वतंत्र, अखंड केबल आणावी लागते. केबल टीव्ही असेल तर स्प्लिटर चालतो; दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला साधारण साडेतीन ते चार डेसिबल सिग्नलची घट धरा.

भिंतीच्या आत जोड नकोच. जोड घ्यावाच लागला तर तो उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये, कॉम्प्रेशनच्या एफ-कनेक्टरने (केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या कनेक्टरने). मधल्या तारेभोवती असलेल्या धातूच्या जाळीचा एक केस जरी त्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. वळण सुमारे ७५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा तंग नको. आणि २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपात ही केबल घालू देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

प्लास्टर लावण्याआधी कारागिराला अर्धा तास थांबवा. दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात मल्टीमीटर लावा, काहीच जोडणी दिसता कामा नये. मग एका टोकाला दोन्ही जोडून दुसऱ्या टोकाला मोजा. मल्टीमीटरच्या वायरींचा रोध वजा केल्यावर १२ मीटर तांब्याच्या केबलला अर्ध्या ओमच्या आसपास येतं, पोलादी असेल तर एक ओमच्या वर. नंतर बॉक्सच्या मेनूमधली सिग्नलची ताकद आणि क्वालिटी हॉलमध्ये आणि नव्या पॉइंटवर, दोन्ही टीव्ही चालू ठेवून, पाहा. उरलेले पैसे त्यानंतरच.

उघड्या भिंतीचे, केबलवरच्या दोन्ही आकड्यांचे आणि स्प्लिटरच्या शिक्क्याचे फोटो जपून ठेवा. पक्कं बिल आणि हे फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही.