पीडीएफमध्ये सीएमवायके फोटो: आयएमजी-टू-पीडीएफ आणि पाइकपीडीएफ, काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीतील हळद आणि बेदाणा व्यापाऱ्यांचे कॅटलॉग व दरपत्रके पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतील स्क्रिप्टमधून तयार करून ऑफसेट छापखान्याला देणे हे माझे काम आहे. आयएमजी-टू-पीडीएफ फोटोंपासून पीडीएफ बनवते, आणि पाइकपीडीएफ ही तयार पीडीएफ उघडून तपासणारी व दुरुस्त करणारी पायथॉनची लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे. आता ज्या कारणाने ती घेतली त्याकडेच वळतो. पूर्वी मी वार्षिक परवान्याची एक सशुल्क लायब्ररी वापरत असे. गेल्या हंगामात एका कॅटलॉगचे प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आले, तेव्हा राजापुरी हळदीच्या ढिगाच्या जागी जवळजवळ काळा ठोकळा होता आणि फोटोमागची पांढरी पार्श्वभूमी ठार काळी झाली होती. त्या कंपनीच्या मदत विभागाने बऱ्याच पत्रव्यवहारानंतर दिलेले उत्तर एवढेच होते की, सर्व फोटो आधी आरजीबी (पडद्यावरचे लाल, हिरवा, निळा हे रंग) करून द्यावेत. छापखाना सीएमवायके, म्हणजे निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांचे आकडे, मागतो आणि फोटोग्राफरने सीएमवायकेच दिले आहे. अशा वेळी पैसे घेऊन दिलेला हा सल्ला मला अजिबात पटला नाही आणि मी परवाना पुढे चालू ठेवला नाही.

मूळ कारण आठ आकड्यांचे आहे. फोटोशॉपमधून जतन केलेल्या सीएमवायके जेपेगमध्ये शाईचे आकडे उलटे लिहिलेले असतात: ० म्हणजे पूर्ण शाई आणि २५५ म्हणजे शाई नाही. जेपेगचा डेटा पीडीएफमध्ये जसाच्या तसा ठेवता येतो, ही या फॉरमॅटची मोठी सोय आहे. परंतु पीडीएफच्या डिव्हाइस-सीएमवायके या कलर स्पेसमध्ये (रंगांचे आकडे कसे वाचायचे ते ठरवणाऱ्या पद्धतीत) ० चा अर्थ ‘शाई नाही’ असाच धरला जातो. म्हणून फोटोच्या माहितीत ‘डिकोड’ नावाची नोंद करून तिथे १ ० १ ० १ ० १ ० असे लिहावे लागते, म्हणजे वाचणारा प्रोग्रॅम चारही रंग उलटवून घेतो. ही नोंद राहून गेली, तर कोऱ्या पांढऱ्या जागेवर चारही शाया पूर्ण पडतात, म्हणजे एकूण ४०० टक्के शाई. आर्ट पेपरवर तर ऑफसेटवाले साधारण ३०० टक्क्यांच्या आसपासच थांबायला सांगतात. असा कागद वाळत नाही आणि मागच्या कागदाला डाग लावतो. प्रूफ न पाहता प्लेट (प्रत्येक शाईसाठी एक छपाईचा पत्रा) काढल्या असत्या, तर प्लेट, कागद आणि शाई हा सगळा खर्च व्यापाऱ्याच्या माथी बसला असता.

आयएमजी-टू-पीडीएफ हे स्कॅन केलेली पाने जोडण्याचे छोटे साधन आहे, एवढेच माझे सुरुवातीचे मत होते. ते आता राहिलेले नाही. हे साधन जेपेग पुन्हा कॉम्प्रेस करत नाही. फाइलमध्ये अडोबीची खूण, म्हणजे एपीपी-१४ हा तुकडा, आहे का ते पाहते आणि असल्यास डिकोडचे आठ आकडे स्वतःहून लिहिते. व्यापाऱ्याचे सगळे फोटो पहिल्याच वेळी सरळ उमटले. पुढे मात्र या नियमाची मर्यादाही दिसली. एका फोटोग्राफरच्या फाइली लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने ती खूण काढून टाकली होती आणि आतले आकडे उलटेच ठेवले होते. खूण नाही म्हणून साधनाने ते फोटो सुलट धरले. अशा वेळी कलर स्पेस आपण हाताने सांगू शकतो, आणि ती सोय दिलेली आहे याबद्दल मी साधनकर्त्यांचा ऋणी आहे. तरीही खूण नसलेला सीएमवायके जेपेग आला, तर साधनाने निदान एक स्पष्ट इशारा द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

मजकूर, तक्ते आणि फोटो असलेल्या पानांसाठी पाइकपीडीएफ घेतले. ते क्यूपीडीएफ या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमवर आधारलेले आहे, आणि तयार पीडीएफ उघडून त्यातील प्रत्येक फोटोची डिकोड नोंद तपासणे किंवा दुरुस्त करणे त्यात काही ओळींचे काम आहे. पॉपलर या पीडीएफ साधनसंचातील पीडीएफ-इमेजेस या प्रोग्रॅमची यादी फोटो ग्रे, आरजीबी, सीएमवायके की आयसीसी (रंगांचे प्रोफाइल जोडलेला) हे सांगते, पण डिकोड दाखवत नाही. म्हणून केवळ त्या यादीवर विसंबून फाइल छापखान्याला पाठवू नये.

हळदीच्या बाबतीत रंग हाच माल असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मार्केट यार्डातला व्यापारी कॅटलॉगमधला पिवळा रंग हातातल्या कांडीशी ताडून पाहतो. कॅमेऱ्यातून अडोबी-आरजीबीमध्ये आलेल्या फोटोचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे आकड्यांमागचा नेमका रंग सांगणारी माहिती, गळाले, तर पडदा ते आकडे एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या पद्धतीचे समजतो आणि हळद फिकट, जुनी दिसते. आयएमजी-टू-पीडीएफ हे प्रोफाइल जपून आयसीसी-बेस्ड कलर स्पेस लिहिते. छापखान्याने पीडीएफ-एक्स-१ए हे छपाईसाठीचे पीडीएफ मागितले, तर आरजीबी चालतच नाही. तेव्हा रूपांतर आधी, योग्य प्रोफाइल लावून, करावे लागते.

ते रूपांतर पिलो या पायथॉनच्या फोटो लायब्ररीतील साध्या कन्व्हर्टने करू नये. तिथे आरजीबीचे आकडे केवळ उलटे करून निळी, किरमिजी आणि पिवळी शाई ठरते, आणि काळ्या शाईला सरसकट ० मिळते. त्यामुळे काळे अक्षर तीन शायांतून उमटते आणि प्लेट केसभर सरकली, तरी अक्षराला रंगीत कड दिसते. पिलोमधीलच इमेज-सीएमएस प्रोफाइल धरून रूपांतर करते, तेच वापरावे.

कृष्णधवल फोटोंबद्दलही दोन्ही साधनांनी मला समाधान दिले आहे. जुन्या लायब्ररीत ग्रे पीएनजी आरजीबी होऊन जात असे आणि छापखान्यात तो चारही प्लेटवर विभागला जाई. आयएमजी-टू-पीडीएफमध्ये एका चॅनेलचा फोटो डिव्हाइस-ग्रेच राहतो. त्यामुळे बेदाण्याच्या दरपत्रकाची आतली पाने या वेळी फक्त काळ्या प्लेटवर निघाली, आणि उरलेल्या तीन प्लेटचे पैसे बिलातून वजा झाले.