जळगावातील घशाची दुर्बीण-तपासणी : काय दिसले आणि किती दिसले

यावल तालुक्यातील शाळेत बावीस वर्षे शिकवत असल्याने आवाज बसणे मला नवीन नव्हते. परंतु या खेपेस दीड महिना उलटूनही घोगरेपणा जाईना. आधी ज्या दवाखान्यात गेलो, तेथे घशात आरसा धरताच मला उमासे आले, तपासणी क्षणात आटोपली आणि कागदावर ‘स्वरयंत्र नॉर्मल’ एवढेच उमटले.

जळगावातील दुसऱ्या दवाखान्यात नाकात बधिरतेचा स्प्रे मारून ३-४ मिलिमीटर जाडीची लवचीक दुर्बीण नाकावाटे घशात उतरवली. दुखले नाही; नाकात दाटल्यासारखे मात्र वाटले. “गुरुजी, लांब ‘ई’ म्हणा, आता नाकाने श्वास ओढा,” असे डॉक्टर सांगत होते आणि ‘ई’ म्हणताना जवळ येणारे, श्वास घेताना दूर होणारे माझेच स्वरतंतू मी पडद्यावर पाहत होतो. अहवालात लिहिले होते : स्वरतंतू पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पूर्ण दिसले, हालचाल दोन्हींकडे सारखी, आणि पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तेथे दोन्हींवर लहान गाठी.

या दवाखान्याचे मोल मला ‘पूर्ण दिसले’ या दोन शब्दांत वाटते. एपिग्लॉटिसची, म्हणजे स्वरयंत्रावरची, झडप मागे झुकलेली असली तर आरशात बहुधा स्वरतंतूंचा मागचा भागच दिसतो, आणि शिक्षकांना होणाऱ्या या गाठी नेमक्या पुढच्या बाजूला असतात. जे दिसलेच नाही, त्याला नॉर्मल कसे म्हणावे?

स्वरयंत्र किती दिसते याचे कॉर्मॅक आणि लेहेन या भूलतज्ज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेले चार दर्जे अहवालात का लिहिले नाहीत, हेही मी डॉक्टरांना विचारले. पहिल्या दर्जात स्वरद्वार (स्वरतंतूंमधली फट) बहुतांश दिसते, दुसऱ्यात केवळ त्याचा मागचा भाग, तिसऱ्यात फक्त एपिग्लॉटिस, चौथ्यात तेही नाही. पण ती मोजणी भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालण्याच्या वेळची आहे. जाग्या माणसात दुर्बीण झडपेला वळसा घालून पुढे जाऊ शकते, म्हणून कोणता भाग दिसला हे शब्दांत लिहिणेच योग्य, हे डॉक्टरांचे म्हणणे मला पूर्ण पटले.

उणिवा दोन. चित्रफीत मागितल्याशिवाय मिळत नाही. ती अवश्य मागावी, कारण व्हॉइस थेरपीनंतरच्या (आवाजाच्या व्यायाम-उपचारानंतरच्या) तपासणीत तिच्याशीच तुलना होणार आहे. शिवाय बधिरता उतरेपर्यंत ठसका लागू नये म्हणून पाणीही पिता येत नाही, ही सूचना तपासणीनंतर मिळाली. मे महिन्यातील जळगावच्या उन्हात यावलहून एसटीने येणाऱ्याला ती आधी मिळायला हवी.